तांबडी हळद

मुरबाड,
ता. १४ मे १९३८

चि. सौ. शकूस,

गोदूताईचा आशीर्वाद. तुझ्या लग्नाला आज सोळा दिवस झाले आणि तुझ्याकडून एक ओळ नाही. आता तू म्हणशील, ताई, मला कुठे लिहिता येतं? तेही खरंच. मी पाटी घेऊन चौथीपर्यंत गेले आणि तू शाळेच्या पायरीवर बसून करवंदं खाल्लीस. पण जयरामराव तिसरी शिकलेले आहेत. हे पत्रही तेच तुला वाचून दाखवत असतील. जयरामराव, नमस्कार. तुम्ही वाचणार म्हणून आज अक्षर सांभाळून काढते आहे, नाहीतर माझ्या अक्षराला आमच्याकडे मुंग्यांची रांग म्हणतात.

शकू, तोंडाची आग थांबली का ग? मंडपात तू हूं की चूं केलं नाहीस, पण मी शेजारीच होते, मला दिसत होतं. गालावर आणि मानेवर फोड उठले, हातही लाल झाले. उन्हाळ्याचे दिवस. ओली हळद कुणाकुणाला सोसत नाही. बाबा आपल्या गावी, वैशाखऱ्याला घरी बसून काहीबाही बोलतात, ते तू मनावर घेऊ नकोस. म्हणे हळद तांबडी होती, म्हणे तुझ्या सासरच्या, सापगावच्या लोकांनी त्यात काही घातलं. बाबांना संशय घ्यायला काय लागतं? खोबरेल तेल लाव. उन्हात जाऊ नकोस, असं लिहिणार होते, पण नव्या सुनेला कोण सावलीत बसू देणार?

इकडे आमचं दुकान बरं चाललं आहे. मीठ-गुळाबरोबर फणी, पावडर, रिबिनी ठेवतो. आणि तो तोंड उजळवायचा पूनमकांती स्नो. मुंबईच्या कंपनीचे एजंटसाहेब महिन्यातून एकदा कल्याणहून मोटारीने येतात, पत्र्याची पेटी घेऊन. तुझ्या दाजींना त्यांनी तीन वर्षांपूर्वी दुकानात लावायला मोठा आरसा दिला, फुकट; जयरामरावांनी तो बघितला नसेल. हातभर लांब आणि तेवढाच रुंद. अख्ख्या मुरबाडात एवढा आरसा दुसरा नाही. बायका मीठ घ्यायला येतात आणि आरशापुढे उभ्या राहतात.

तोंड बरं झालं का ते तेवढं कळव.

तुझी,
गोदूताई


मुरबाड,
ता. २ ऑगस्ट १९३८

चि. सौ. शकूस,

दोन पत्रं गेली, उत्तर नाही. जयरामराव, तुम्ही तिला वाचून दाखवता ना?

काल सकुबाई कासारीण आली होती. ती शहापूरच्या बाजाराला जाते, तशीच पुढे सापगावला बांगड्या भरते. तुला बांगड्या भरल्या म्हणाली. मग इकडेतिकडे बघून म्हणाली, "गोदूबाय, फोड बरे झाले, पन त्या जागा पांढऱ्या पडल्यात. सासू बोलते कोड हाय. पोरीचं ताट न्यारं केलंय."

मी तिला चहा दिला आणि आतच बसले. बाहेर गिऱ्हाईक हाका मारत होतं.

कोड? आपल्या घराण्यात सात पिढ्यांत कुणाला कोड नाही. मग तुझ्या सासूने, धोंडूबाईंनी असं म्हणावं? आणि त्यांनी म्हणू नये, तर मग काय म्हणावं? पांढरं दिसतं त्याला माणूस काय म्हणणार? मला काही सुचत नाही, शकू. मी तुला काय लिहायला बसले आणि काय लिहिते आहे.

दुसरंच काही सांगते. एजंटसाहेबांनी मला विक्री शिकवली. म्हणाले, "बाई, माल दाखवायचाच नाही. आधी आरसा दाखवायचा. बाई आरशात बघायला लागली की तुम्ही गप्प बसायचं. तोंडातून शब्द काढायचा नाही. तीच बोलेल." आणि खरंच ग. बाई आरशात बघते. पहिल्यांदा हसते. मग केस सारखे करते. मग गालाला हात लावते. मी गप्प. मग आपणच म्हणते, "इथं काळं दिसतंय का वो?" तेवढं झालं की डबी पुढे सरकवायची. आजवर जिच्या तोंडाला कुणी काळं म्हटलं नाही, ती आपल्याच तोंडाने म्हणते. मला तेव्हा फार गंमत वाटायची. माझ्यात काही तरी कसब आहे असं वाटायचं.

एकच बाई निसटली. डोंगरपाड्यावरची राही मोळी विकायला येते ना, तिला मी आरशापुढे उभी केली. मी गप्प बसले. तीही गप्प. खूप वेळ बघितलं तिनं. पुढून, मग मान वळवून. आणि म्हणाली, "हीच का मी? बरी हाय की गो!" मोळी उचलली आणि चालायला लागली. मी वेड्यासारखी डबी हातात धरून उभी.

हे तुला का सांगते, मलाही ठाऊक नाही. राही आठवते सारखी.

ताट न्यारं आहे तरी पोटभर जेव. जयरामराव, एवढं बघा.

गोदूताई


मुरबाड,
ता. २० नोव्हेंबर १९३८

शकू,

हे पत्र मी टाकणार नाही. लुगड्यांच्या पेटीत तळाशी राहील. म्हणून आज जयरामरावांना नमस्कार नाही आणि अक्षरही कसंही येऊ दे.

मला तुझ्याशी बोलायचं आहे. पण तुला सांगायचं म्हणजे आधी तुझ्या नवऱ्याला सांगायचं, त्याच्या तोंडून सासूने ऐकायचं, आणि मग ते तुझ्या कानावर यायचं. चार बोटांचा कागद, पण त्याच्या वाटेत अख्खं सापगाव बसलं आहे. कधी वाटतं बरं आहे, तुला वाचता येत नाही ते. असं वाटल्याची लाज वाटते. पण वाटतं.

बाबा परवा सापगावला येऊन भांडून गेले, ते तू बघितलंच. तिथून ते थेट माझ्याकडे आले. पायावर धूळ तशीच. सांगत होते, धोंडूबाईंनी तुळशीवर हात ठेवला, म्हणाल्या, "पाच सवाष्णींनी मिळून जात्यावर दळलेली हळद, तिच्यात आमी काय घालू? तुमीच पोरीचं कोड झाकून दिलंत." बाबांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. मला म्हणाले, "गोदू, उष्टी हळद आली तवा वाटी तूच घेतलीस ना? तू सांग. तांबडी होती का नाय?"

मी म्हटलं, "होती."

खोटं नाही ते. सगळ्या बायकांनी बघितलं होतं. नवऱ्याला लावून उरलेली हळद वऱ्हाडाबरोबर आली, आणि तुला लावायला घेतली तेव्हा ती कुंकवाकडे झुकलेली होती. गोजर मावशी म्हणालीसुद्धा, "ही अशी काय गो तांबडी?" सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, "शहापूरकडची हळद अशीच असते." आणि पहिलं बोट मी लावलं, तुझ्या गालाला.

पण शकू, वाटी माझ्या हातात आली तेव्हा हळद पिवळी होती.

आता लिहून झालं.  मी ती वाटी घेऊन माजघरात गेले. ओच्यात डबी होती. पूनमकांतीची साधी नव्हे, एजंटसाहेबांनी नवी आणलेली, दोन नंबर खास, हट्टी रंगासाठी. अर्धी डबी कालवली. कालवता कालवता हळद तांबूस झाली. मी क्षणभर थांबले. थांबले होते, हे देवाशपथ खरं. मग वाटलं, लग्नाचा दिवस, कुणाला दिसणार आहे.

तुला मी आधी किती वेळा म्हटलं होतं, लाव ग थोडा स्नो, महिनाभर लाव. तू म्हणालीस, "ताय, भात काय माझं तोंड बघून उगवतो?" आणि बांधावरून उडी मारून गेलीस. तू ऐकत नव्हतीस म्हणून मी हळदीत घातलं. हळदीला तू नाही म्हणणार नव्हतीस.

स्नोनेच झालं की कशाने, हेही मला कळत नाही. मी स्वतः तीन वर्षं लावते आहे, मला काही झालं नाही. इथल्या किती बायका लावतात. मग तुलाच का? मी कंपनीला कागद लिहिला, तुझं नाव न घालता. त्यांचं छापील उत्तर आलं, खाली शाईने दोन ओळी. आमच्या मालाने असे होत नाही, रक्त अशुद्ध असावे. आणखी दोन डब्या नियमाने लावाव्यात म्हणजे उरलेला चेहराही डागांच्या रंगाला येईल.

मी ते तीनदा वाचलं. पहिल्या खेपेला मला ते पटलं, शकू. दोन डब्या बाजूला काढून ठेवल्यासुद्धा, तुला पाठवायला. दुसऱ्या दिवशी सकाळी डबी उघडली, तो गुलाबाचा वास आला आणि मी झाकण लावून टाकलं. पाठवल्या नाहीत.

आज मी माझ्या डाव्या हाताला तशीच हळद लावली आहे. घरी जात्यावर दळलेली, तेवढाच दोन नंबर कालवून, तेवढाच वेळ. कोपराच्या खाली, पदराने झाकेल अशा जागी. खरं काय ते मला बघायचं आहे. काही झालं नाही तर मी सुटले. असंच मनात येतं. तुझी सुटका आधी मनात यायला हवी होती ना?

आग होते आहे.


मुरबाड,
ता. ९ फेब्रुवारी १९३९

जयरामराव यांस,

सा. नमस्कार. हे पत्र शकूला नाही, तुम्हालाच आहे.

सकुबाईकडून कळलं की आसनगावकडची मुलगी बघून आलात आणि या वैशाखात दुसरं लग्न करायचं घाटतं आहे. शकूला वैशाखऱ्याला पाठवून देणार म्हणे. मी तुमची मोठी मेव्हणी, मला बोलायचा अधिकार असेल नसेल, पण हात जोडून सांगते, घाई करू नका. ते कोड नाही. मला कसं माहीत ते विचारू नका. कोड पसरतं. तिचं पसरलं का? जिथे हळद लागली तेवढंच आहे ना? गाल, मान, हात. पायांवर आहे का? तुम्ही नवरा आहात, तुम्हाला माहीत असेल.

घरातल्या मोठ्यांना नमस्कार सांगा. धोंडूबाईंना जास्त सांगा. त्यांच्यावर आमच्या माणसांनी नको ते आरोप केले.

कळावे,
गोदावरी देवराम


सापगाव,
ता. २६ मार्च १९३९

चि. सौ. शकूस,

वरचं गावाचं नाव वाचून जयरामराव थांबले असतील. होय, हे पत्र मुरबाडहून आलेलं नाही. टपालानेही आलेलं नाही. आज सकाळी मी मोटारीने कल्याणला आले, तिथून आसनगाव, तिथून पायी. नदी ओलांडली आणि काठावर वडाखाली बसून हे लिहिलं. आता ते मी जयरामरावांच्या हातात दिलं आहे आणि अंगणाच्या कडेला उभी आहे. मला तोंडाने बोलता येत नाही. वाटेत चार वेळा बोलून पाहिलं, झाडांशी. दर वेळी मी स्वतःला जरा वाचवूनच बोलले. कागदावर तसं करता येत नाही, लिहिलेलं दिसत राहतं.

जयरामराव, तुमचं कार्ड मिळालं. "कोड नाय हे तुमाला कसं ठावं? खरं सांगाल तर थांबतो. वैशाख लांब नाय." एवढंच लिहिलं होतंत. मी ते कार्ड किती दिवस उशाखाली ठेवलं, विचारू नका. आता सांगते. मोठ्याने वाचा. ओटीवर सगळ्यांना बसवा, धोंडूबाईंना पुढे बसवा. कुठे अडलं तरी गाळू नका. अक्षर मी सांभाळून काढलं आहे.

धोंडूबाई, तुमच्या हळदीत काही नव्हतं. ती पिवळी, स्वच्छ, सवाष्णींनी दळलेली हळद होती. तांबडी मी केली. तोंडाला लावायचा मुंबईचा स्नो मी तिच्यात कालवला, कुणाला न सांगता, आणि शकूला माझ्या हाताने लावला. तुम्ही तुळशीवर हात ठेवून सांगितलंत ते खरं होतं. माझ्या बापाने तुम्हाला खोटं पाडलं, आणि तांबडी होती एवढंच सांगून मी त्याला दुजोरा दिला. आम्ही कोड झाकून दिलं नाही. शकूच्या अंगावर लग्नाआधी तिळाएवढा डाग नव्हता.

का कालवला, तेही वाचा. मुलगी बघायला तुम्ही वैशाखऱ्याला आलात, तेव्हा म्हणालात, "पोर कामाला चांगली दिसते, रंगानं जरा दबली हाय." आणि माझ्याकडे बघून म्हणालात, "मोठी उजळ हाय." तुम्ही सहज बोललात. बघायला आलेली माणसं बोलतातच. शकू तर हसली. मला ते लागलं, असं मी वर्षभर स्वतःला सांगत आले. बहिणीच्या मायेपोटी केलं, असं.

शकू, आता पुढचं नीट ऐक. तुझे जयरामराव हळू वाचतात, ते बरंच आहे.

मला ते लागलं नव्हतं. मला बरं वाटलं होतं. मोठी उजळ हाय. तीन वर्षं रोज सकाळी तो दुकानातला आरसा पुसून मी त्याच्यापुढे उभी राहत आले. एजंटसाहेब म्हणाले होते, बाई, तुमचा चेहरा हीच दुकानाची पाटी. तेव्हापासून मला स्नो लावल्याशिवाय पुढे बसवत नव्हतं. घरात तुझे दाजी माझ्याकडे बघतात न बघतात, तोही दोष मी तोंडालाच लावायची आणि आणखी एक बोट फासायची. दुसऱ्या बायकांना मी आरशापुढे उभी करत होते, पण पहिली उभी मीच राहिले होते, आणि तेव्हा एजंटसाहेब गप्प बसले होते.

आणि मांडवात चार गावच्या बायका जमणार होत्या. माझ्या मनात होतं की तू हळद धुऊन उजळ निघशील, सगळ्या विचारतील, आणि मी म्हणेन, पूनमकांती, आमच्या दुकानात मिळते. हे मी ठरवलं होतं. डबी ओच्यात घेऊन घरातून निघाले तेव्हाच ठरवलं होतं. तुझा चेहरा मी पाटी म्हणून लावणार होते. माया होती की नव्हती, ते आता मला सांगता येत नाही. असेलही. पण ती या सगळ्याच्या कुठे तरी खाली दबलेली होती.

जयरामराव, तुम्ही विचारलंत, मला कसं ठाऊक. नोव्हेंबरात मी तेच कालवून माझ्या डाव्या हाताला लावलं. फोड आले. फोड गेले आणि जागा पांढरी पडली. चार महिने झाले, ती तेवढीच आहे, बोटभरसुद्धा वाढली नाही. कल्याणच्या डॉक्टरांना हात दाखवला. त्यांनी सुई टोचली, मी ओय केलं. म्हणाले, हा महारोग नाही आणि कोडही नाही, पोळलेलं आहे, तोंडाला लावायच्या असल्या मालात पारा घालतात. पसरायचं नाही. ताटाला ताट लागून होणार नाही. पोराबाळांत उतरणार नाही. पुन्हा आपला रंग येईल का विचारलं, तर म्हणाले, येईल, नाहीतर नाही येणार.

दुकानातला आरसा मी उतरवला.  एजंटसाहेब आले, त्यांना मी हात दाखवला, तर त्यांनी पेटी बंद केली आणि पुढच्या मोटारीने गेले. आता ते दुसऱ्या गावात, दुसऱ्या बाईच्या दुकानात आरसा देतील. त्याचं काय करायचं, मला कळत नाही. डब्या मी ओढ्यात फेकणार होते, मग वाटलं गुरं पाणी पितात. मागच्या परसात खड्डा करून पुरल्या. तिथेही काही उगवेल की नाही, कोण जाणे.

ज्या बायकांना विकल्या, त्यांच्याकडे जाते आहे, एकेकीकडे. काही दार लावतात. जिवली म्हणाली, "आमाला गोरं होऊ नाय द्यायचं, म्हनून बोलते." तिलाही काय म्हणू? हे मीच तिला शिकवलं.

राही मात्र भेटली. तिला सगळं सांगितलं. ती मोळीवर बसून ऐकत होती. मला वाटलं, रागावेल, नाहीतर हसेल. ती म्हणाली, "मंग बहिनीला सांगितलंस का?" मी म्हटलं, नाही. ती उठली. "मंग माझ्याशी काय बोलत बसलीस?" त्या दिवशी मी निघायचं ठरवलं.

शकू, मी माफी मागायला आले आहे की साक्ष द्यायला, माझं मलाच उमगलेलं नाही. माफी मागितली तर तुला ती द्यावी लागेल, सगळ्यांपुढे, मोठ्या बहिणीला कसं नाही म्हणायचं म्हणून. मला तसली नको. साक्ष तेवढी घे. ती मी बाबांपुढेही देणार आहे, इथून वैशाखऱ्याला जाऊन. तुला घरात ठेवतील की नाही ते आता या माणसांच्या हातात आहे. पण कोड म्हणून नाही, एवढं तरी झालं. आणि ठेवलं नाही, तर मुरबाडला माझं घर आहे. तिथे एकच पंगत बसते, आणि आता आरसा नाही.

जयरामराव, एवढं वाचून झालं की कागद खाली ठेवा आणि बाहेर बघा. मी पदर खोचला आहे. डावा हात उघडा आहे, कोपरापासून मनगटापर्यंत. धोंडूबाईंना जवळ येऊन बघू द्या, हात लावून बघू द्या. मी हलणार नाही.

मी अंगणात येऊ का, ते मात्र आधी शकूला विचारा. ती नको म्हणाली तर मी इथूनच परत जाईन. तिला विचारल्याशिवाय तिच्या अंगाला हात लावला, तो एकदाच.

गोदू